एक्स-रे टेक्निशियन : प्रोव्हिजनलवर जॉब चालतो का?

कृष्णाकाठ_सांगली: रेडिओग्राफीचा डिप्लोमा झालाय, हातात फक्त मार्कलिस्ट न् प्रोव्हिजनल आहे, मूळ सर्टिफिकेट यायचंय. मिरजेत एका ठिकाणी डॉक्टर म्हणतायत उद्यापासून ये, कागद नंतर बघू. जाऊ का?

मिरजवाला: अरे प्रोव्हिजनल म्हणजे पास झाल्याचा कागद, काम करायचं लायसन नव्हे. त्यासाठी महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेची नोंदणी लागते, आधी अर्ज टाक. आणि हो, सिनियर समोर नसताना एकट्यानं एक्सपोजर द्यायचं (म्हणजे एक्स-रे मारायचा) नाही, नाईट ड्यूटी तर मुळीच नको.

साताऱ्याची_ताई: कोर्स किती वर्षांचा होता रे? २०२१ च्या केंद्राच्या अलाइड हेल्थकेअर (टेक्निशियन वगैरेंच्या) कायद्यात किमान २००० तास न् दोन ते चार वर्षांचा कोर्स धरलाय, त्यामुळे वर्षभराच्या कोर्सवाल्यांनी जरा जपूनच.

मिरजवाला: आणि टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा बिल्ला, तुझ्याच नावाचा माग. सोडून गेलेल्या पोराचा बॅज नव्याच्या छातीला लावतात, डोस त्याच्या खात्यावर न् रेडिएशन तुझ्या अंगात! लेड (शिशाच्या) एप्रनच्या आत लावायचा, दर तीन महिन्यांनी बदलून येतो.

कृष्णाकाठ_सांगली: कोर्स दोन वर्षांचाच आहे ताई. बॅजचं विचारलं तर म्हणले मागवू की 😅 अर्ज टाकतो आधी.