आंब्याच्या पेटीवर ‘एक्सलंट’ की ‘सुपीरियर’? मतं हवीत

बागायतकार, देवगड

आमच्या वाडीतले बागायतदार यंदा मिळून एकच पेटी छापून घेणार आहेत. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे पेटीवर नाव आणि गाव छापण्याबद्दल कोणाचं दुमत नाही. घोडं अडलंय ते त्याखालच्या एका इंग्रजी शब्दावर. माल महाराष्ट्राबाहेर जातो म्हणून इंग्रजी हवंच. कोणी ‘एक्सलंट’ म्हणतो, कोणी ‘सुपीरियर’, तरुण मंडळींना ‘प्रीमियम’ हवं, आणि आमचे थोरले काका ‘ए-वन’वर अडून बसलेत.

हे शब्द एकाच्या जागी दुसरा असे चालत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. ‘एक्सलंट’च्या लॅटिन मुळाशी इतरांहून वर उठणं आहे. ‘परफेक्ट’ला शेजाऱ्याशी देणंघेणं नाही, जे पुरतं झालं, ज्यात करायचं काही उरलं नाही, ते परफेक्ट. ‘एक्सक्विझिट’ म्हणजे मुळात शोधून, निवडून काढलेलं. ‘प्रीमियम’ तर गुणापेक्षा पैशाकडे जास्त बोट दाखवतो, नेहमीच्या दरावर मोजायची जादा रक्कम. मला तो पेटीवर अजिबात नको.

माझा कौल ‘सुपीरियर’ला. आंब्याच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात तीन वर्ग आहेत. ‘एक्स्ट्रा’ वर्गाचं फळ ‘सुपीरियर क्वालिटी’चं असावं लागतं, पहिल्या वर्गाचं ‘गुड क्वालिटी’चं, आणि दुसऱ्या वर्गात किमान अटी पूर्ण करणारं. म्हणजे तिथे ‘सुपीरियर’ला मोजता येणारा अर्थ आहे. ‘एक्सलंट’ कोणीही कशावरही छापतो, त्याचा जाब कोणाला विचारणार?

काजूवाली, वेंगुर्ला

साफ असहमत. शब्दाचं मूळ काय होतं यावरून आजचा अर्थ ठरत नाही. ‘एग्रीजियस’ बघा. लॅटिनमध्ये ‘कळपातून वेगळा उठून दिसणारा’, आणि इंग्रजीतही एकेकाळी तो कौतुकाचाच शब्द होता. आज एग्रीजियस म्हणजे ढळढळीत वाईट, बहुतेक वेळा चूक किंवा अन्याय यांच्यासाठी. मुळावर जायचं तर तोही छापा पेटीवर.

आणि तुमच्या लाडक्या ‘सुपीरियर’ला आजही दुसरा वास आहे. माणसाला तो लावला की ‘स्वतःला शहाणा समजणारा’ अशी छटा येते. ‘एक्सलंट’मध्ये ती नाही. तो स्वच्छ, उघड कौतुकाचा शब्द आहे आणि चौथीतल्या मुलालाही कळतो. गिऱ्हाईक कोडेक्स वाचून आंबे घेत नाही.

मास्तर, कणकवली

काजूवाली ताई, चौथीतल्या मुलाला कळतो हे खरं, पण कॉलेजातल्या मुलाला तो वेगळा कळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीत सर्वांत वर ‘आउटस्टँडिंग’ आहे, दहा गुण. ‘एक्सलंट’ त्याच्या खाली, नऊ. मग ‘व्हेरी गुड’, मग ‘गुड’. केंद्र सरकारच्या नोकरांच्या वार्षिक अहवालात तर ‘आउटस्टँडिंग’नंतर थेट ‘व्हेरी गुड’ येतो, ‘एक्सलंट’ला पायरीच नाही. ज्यांच्या घरात गुणपत्रिका येतात, त्यांच्यासाठी ‘एक्सलंट’ हा दुसरा नंबर आहे.

‘आउटस्टँडिंग’ छापा असं मात्र सांगणार नाही. पीककर्ज काढणाऱ्या प्रत्येकाला तो शब्द बँकेच्या कागदावरून माहीत आहे, आणि तिथे त्याचा अर्थ फेडायची उरलेली बाकी.

दर्यावर्दी, मालवण

बागायतकार, माका ह्या पटाक नाय. काकांचा ‘ए-वन’ तुम्ही एका ओळीत उडवून लावलात, आणि सगळ्या यादीत तोच एक शब्द कसोटीवर उभा आहे. तोही आपल्या धंद्यातला, दर्याचा.

लंडनच्या लॉइड्स कॉफीखान्यात जहाजांचा विमा उतरवणारे बसत. त्यांनी जहाजांची नोंदवही काढली. १७६४ च्या सुमाराच्या वहीत प्रत्येक जहाजाला दोन वेगळ्या खुणा दिसतात. सांगाडा कसा आहे ते ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांत. आणि शिडं, दोर, नांगर वगैरे सामान कसं आहे ते वेगळं. पुढे सामानासाठी आकडे आले आणि १७७५-७६ च्या वहीत ‘ए १’ आला. ए हा सांगाड्याचा शेरा, एक हा सामानाचा. सांगाडा भक्कम पण दोर कुजलेले, तर ए मिळे, एक मिळत नसे.

आता ‘फर्स्ट-रेट’शी ताडून बघा. तोही जहाजांचाच शब्द, ब्रिटिश आरमारातला. पण तिथे मोजल्या जात तोफा. शंभर किंवा जास्त तोफा असल्या की फर्स्ट रेट. ७४ तोफांचं जहाज थर्ड रेट, आणि आज ‘थर्ड रेट’ म्हणजे आपण टाकाऊ समजतो! प्रत्यक्षात त्या आरमाराचा कणा हीच ७४ तोफांची जहाजं होती. वेग, खर्च, मारा, सगळ्यांचा मेळ त्यांच्यात बसे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानात बांधलेली ‘मिंडेन’ (१८१०) आणि ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३) ही दोन्ही थर्ड रेट. १८४२ चा नानकिंगचा तह याच ‘कॉर्नवॉलिस’वर झाला. मोठेपणाचा क्रम आणि गुण या दोन गोष्टी आहेत, आणि तुमचे ‘सुपीरियर’ नि ‘एक्सलंट’ दोन्ही फक्त क्रम सांगतात.

आंबेवाली, रत्नागिरी

दर्यावर्दींना अनुमोदन, आणि बागायतकारांना एक प्रश्न. कोडेक्सच्या वर्गांमधला फरक मुख्यतः फळाच्या आकारातल्या आणि सालीवरच्या दोषांचा आहे. साका कुठे दिसतो त्यात? बाहेरून सोन्यासारखं फळ, कापलं की आत पांढुरका, आंबट गर. सालीवरून सुपीरियर ठरलेला आंबा गिऱ्हाइकाच्या ताटात नापास होतो आणि शिव्या आपल्याला बसतात.

‘परफेक्ट’बद्दलही बोलते. नीलम आणि हापूसच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने ‘रत्ना’ काढला. त्यात साका नाही, रेषा नाही. दोषच मोजायचे तर रत्ना हापूसच्या पुढे. तरी लोक जास्त पैसे हापूसलाच देतात, त्या वासासाठी आणि चवीसाठी. निर्दोष असणं वेगळं, उत्कृष्ट असणं वेगळं. इंग्रजीत त्यासाठी दोन शब्द आहेत तर ते दोन म्हणूनच वापरावेत.

बागायतकार, देवगड

काजूवाली, मी मुळाचा कायदा करत नाही. आजच्या बोलण्यातही फरक आहेच. ‘व्हेरी गुड’ सहज म्हणतात, ‘व्हेरी एक्सलंट’ कानाला खटकतं, कारण ‘एक्सलंट’ आधीच टोकाला गेलेला असतो. त्यात कमी-जास्त करायला जागा नाही. ज्या शब्दात जागा नाही तो प्रतवारीला कसा चालेल?

साक्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे. पण प्रत्येक फळ कापून कसं बघणार?

काजूवाली, वेंगुर्ला

प्रतवारी आकड्यांनी करा की. कोडेक्समध्ये वजनाचे गट आहेतच, २०० ते ३५० ग्रॅम, ३५१ ते ५५०, असे. ते छापा, तोडणीची तारीख छापा. आणि वर मोठ्या अक्षरांत ‘एक्सलंट’. मी त्यावरून हटणार नाही, कौतुकाचा शब्द कौतुकासाठीच असतो.

दर्यावर्दी, मालवण

मग दोन खुणा छापा, लॉइड्ससारख्या. अक्षर सालीचं, आकडा गराचा. अक्षर वर्गवारीवरून मिळेल. आकड्यासाठी प्रत्येक आढीतली थोडी फळं कापा आणि जे दिसेल ते लिहा, वाईट दिसलं तरी. तेव्हाच ‘ए १’ छापायचा हक्क येतो.

आंबेवाली, रत्नागिरी

असं होणार असेल तर माझ्या आढीतली फळं कापायला मी द्यायला तयार आहे. किती कापायची ते मंडळींनी आधी ठरवा, आणि कापताना दुसऱ्या वाडीतला माणूस हजर असू द्या.