ब्लॅकबेरीची वाईन तीन महिन्यांनी आंबट आणि गढूळ: ओतून देऊ की मुरू देऊ?

काठावरची (लीड्स), 9 डिसेंबर

मंडळी, मदत हवी आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मी आणि लेक दोन रविवार लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या काठाने ब्लॅकबेरी वेचत होतो. कोपरापर्यंत ओरखडे आले, पण दोन किलो फळ मिळालं. आजवर जॅमच करत आले, यंदा पहिल्यांदा वाईन घातली.

कृती अशी: फळं थोड्या पाण्यात वीस मिनिटं उकळली, डावाने ठेचली, एक किलो साखर घातली आणि गार झाल्यावर वाईनचं यीस्ट. बादलीला दादरा बांधून पाच दिवस ठेवली, रोज दोनदा ढवळली. मग मलमलीतून गाळून 4.5 लिटरच्या काचेच्या बुधल्यात भरली, वर एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न घेणारं बूच). पहिले दहा दिवस रात्री झोपताना जिन्याखालून बुडबुड ऐकू यायची. आम्ही मायलेकी पायरीवर बसून ऐकायचो. ऑक्टोबर संपता संपता सगळं शांत झालं. हायड्रोमीटर (रसात साखर किती आहे याचा अंदाज देणारी तरंगती नळी) सुरुवातीला 1.095 दाखवत होता, आता 0.992.

काल चमचाभर चाखली आणि मन खट्टू झालं. कच्ची करवंदं खाल्ल्यासारखी जीभ आखडते, घशात जळजळते. नाकाजवळ नेली की उकडलेल्या अंड्याचा हलका वास. रंग गढूळ. तळाशी दोन बोटं गाळ, आणि मध्ये मध्ये काढून बघितल्यामुळे वर मानेखाली चार बोटं रिकामी. साताऱ्याहून सासूबाई फोनवर सारख्या विचारतायत, "विषारी तर नाही ना गं?"

जानेवारीत माझा भाऊ येतोय. त्याच्या हातात पेला द्यायचा, हे फळं वेचतानाच ठरवलं होतं. ओतून देऊ का?

डॅमसनवाले काका (रेडिंग), 9 डिसेंबर

ताई, ओतू नका! तुमची वाईन बिघडलेली नाही, ती फक्त तान्ही आहे.

आधी आकडे. 1.095 मधून 0.992 वजा करा आणि 131 ने गुणा, साडेतेरा टक्के अल्कोहोल येतं. म्हणजे यीस्टने साखरेचा कण ठेवलेला नाही. ब्लॅकबेरीतलं आम्ल आधीही तेवढंच होतं, पण साखरेने ते झाकलं होतं. आता साखर गेली आणि आम्ल उघडं पडलं. जीभ आखडते ती साली आणि बियांतल्या टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्याने. हे टॅनिन महिनोन् महिने एकमेकांना चिकटत जातं आणि चव मऊ होते. त्याला वेळाशिवाय दुसरा उपाय मला सापडलेला नाही. आठ दिवसांचा मोरावळा आणि वर्षाचा मोरावळा आठवा. माझी ब्लॅकबेरी पुढच्या गणपतीआधी कधीही पिण्याजोगी झालेली नाही, आणि दुसऱ्या वर्षीची तर पहिल्यापेक्षा सरस.

पण त्या गाळावर ती आता एक दिवसही ठेवू नका. अंड्याचा वास येतोय तो तिथूनच, मेलेलं यीस्ट आहे ते.

आदल्या रात्री बुधला अलगद उचलून ओट्यावर ठेवा. हलवला की गाळ उठतो, म्हणून रात्रभर बसू द्या. सकाळी दुसरा बुधला निर्जंतुक करून खाली जमिनीवर ठेवा. नळीचं टोक गाळाच्या अंगठाभर वर राहील असं धरा. वाईन पारदर्शक नळीतून उतरताना आधी गडद जांभळी दिसेल. डोळा तिच्यावरच ठेवा. शेवटी बुधला किंचित कलवला की जांभळ्यात एक मातकट धागा येतो. तो दिसला त्या क्षणी नळी चिमटीत दाबायची. वाटीभर वाईन मागे राहील, राहू द्या. त्या वाटीच्या लोभात मी सुरुवातीला सगळा बुधला परत गढूळ करून बसायचो.

वाईन टिकवणारी कॅम्पडेनची एक गोळी चुरून घाला, एका गॅलनला (साडेचार लिटरला) एक पुरते. घरात कुणाला दमा असेल तर पाजण्याआधी सांगा, त्या गोळीतल्या सल्फाइटचा काहींना त्रास होतो.

आता वरची रिकामी जागा. तिथली हवा वाईनचा व्हिनेगर करते. पाणी घालून भरू नका, पातळ होईल. काचेच्या गोट्या उकळून एकेक सोडा, वाईन आपसूक मानेपर्यंत चढते.

मार्चमध्ये परत एकदा गाळावरून काढा, बाटल्या जूनच्या आधी नकोत. हे कळकळीने सांगतोय. 2009 साली मी डॅमसनची (छोट्या आंबट आलुबुखारासारखं फळ) वाईन साखर पूर्ण उतरायच्या आत, नुसती शांत झाली म्हणून बाटल्यांत भरली. मे महिन्यात ऊब आली आणि कपाटात परत फसफसायला लागली. चार बुचं उडाली, एक बाटली फुटली. नातू तेव्हा रांगता होता आणि दहा मिनिटांपूर्वी त्याच कपाटापाशी खेळत होता. तेव्हापासून हायड्रोमीटरचा आकडा महिनाभर जागचा हलला नाही, तरच बाटली.

स्वयंपाकघर_कोल्हापूर, 10 डिसेंबर

मला वाईनमधलं काही कळत नाही, पण कुठेतरी वाचलं होतं की अंड्याचा वास तांब्याने जातो. देवपूजेचा तांब्या असेलच ना घरात? थोडा वेळ त्यात ओतून बघा.

द्राक्षबाग (नाशिक), 10 डिसेंबर

तांब्यात अजिबात ओतू नका. वाचलेलं चुकीचं नाही. वायनरीत तांब्याचा क्षार वापरतात, पण तो प्रयोगशाळेत मोजून, अगदी अत्यल्प. वाईनच्या आम्लात तांबं विरघळतं, आणि घरी ते किती उतरलं हे मोजायला काही साधन नाही. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आपण ताक ठेवत नाही, तेच कारण इथे.

मी वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे काकांच्या म्हणण्यात दोन गोष्टी जोडतो.

एक, वास आहे म्हणून या पहिल्या खेपेला नळीचं टोक दुसऱ्या बुधल्याच्या तळाशी नेऊ नका. वरच धरा, धार भिंतीवरून खळखळत जाऊ द्या. वासाचा वायू बराचसा तिथेच उडून जातो. मार्चमध्ये मात्र टोक तळाशी, आवाजसुद्धा होता कामा नये. पुढच्या वर्षी यीस्टचं पोषक आठवणीने घाला. नुसती साखर आणि फळ यांवर यीस्ट उपाशी राहतं आणि उपाशी यीस्टही हा वास सोडतं.

दुसरं गढूळपणाचं. तुम्ही फळं वीस मिनिटं उकळलीत, जॅमसारखी. जॅम ज्याने धरतो ते पेक्टिन त्या उकळण्याने सगळं रसात उतरलं. एका काचेच्या पेल्यात चमचाभर वाईन आणि तीन चमचे मेथिलेटेड स्पिरिट घेऊन बघा. तिकडचं स्पिरिट जांभळं असतं, तेव्हा रंगाकडे पाहू नका. गुठळ्या किंवा दोरे दिसले तर पेक्टिन आहे. पेला लगेच मोरीत ओता, ते विष आहे. मग पेक्टिन तोडणारं पेक्टिक एन्झाइम घाला. अल्कोहोलमध्ये ते मंद चालतं, पण चालतं. पुढच्या वेळी फळ उकळू नका. आधी फ्रीझरमध्ये ठेवा, बर्फाने पेशी फुटतात आणि रस आपोआप सुटतो.

गोड हवी असेल तर साखर आत्ता नको, बाटलीत भरायच्या वेळी. तीही पोटॅशियम सॉर्बेट (यीस्टला परत वाढू देत नाही) आणि कॅम्पडेन दोन्ही घालून, नाहीतर काकांचं कपाट आठवा.

सासूबाईंना सांगा, बातम्यांतली विषारी दारू म्हणजे वरून मिथेनॉल मिसळलेली दारू. फळ आंबवून केलेल्या वाईनमध्ये ते नाममात्र असतं. फक्त तिचं ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफेपासून कडक दारू काढणं, करायला जाऊ नका. तिकडे परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. आणि इथल्या वाचकांसाठी: महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे अशी वाईनसुद्धा परवान्याशिवाय घरी करता येत नाही. इंग्लंडमध्ये स्वतःपुरती करायला चालते, विकायची नाही.

काठावरची (लीड्स), 14 डिसेंबर

काका, द्राक्षबाग, मनापासून आभार. आज सकाळी केलं.

मातकट धागा अगदी तुम्ही म्हणालात तस्साच आला आणि मी वेळेत नळी दाबली. स्पिरिटमध्ये शेवयांसारखे दोरे दिसले, म्हणजे पेक्टिनच. एन्झाइम मागवलंय. लेकीने तिच्या डब्यातल्या सगळ्या गोट्या दिल्या, त्या सगळ्या लागल्या, आता वाईन बरोबर मानेपर्यंत आहे. धार खळखळू दिल्यावर वास निम्माही उरला नाही. रिकाम्या बुधल्याच्या तळातून मात्र भपकन आला.

भावाला फोन करून सांगितलं की तुझा पेला सप्टेंबरमध्ये. तो म्हणाला, मग तिकीटच सप्टेंबरचं काढतो, फळं वेचायलाही येतो.

एक विचारायचं राहिलं. तो दोन बोटं गाळ अजून वाडग्यात झाकून ठेवलाय. कंपोस्टमध्ये घातला तर चालेल ना?

डॅमसनवाले काका (रेडिंग), 14 डिसेंबर

खुशाल घाला. माझा दर वर्षी रुबार्बच्या वाफ्याला जातो. थोडी माती वर ओढा, नाहीतर चिलटं धरतात.