पाच जणांच्या कुटुंबासाठी नेक्सॉन ईव्ही घ्यावी की विंडसर ईव्ही? पुण्यातील जाणकारांचा सल्ला हवा आहे

मुठाकाठ:

नमस्कार. आमची बारा वर्षांची पेट्रोलवरची छोटी गाडी आता काढायची आहे आणि पुढची गाडी विजेवर चालणारीच घ्यायची, यावर घरात एकमत झाले आहे. एकमत होत नाही ते एवढ्यावरच, की टाटांची 45 युनिटांच्या बॅटरीची नेक्सॉन ईव्ही घ्यावी की एमजीची 38 युनिटांच्या बॅटरीची विंडसर ईव्ही. माझ्या पतींचा कल पहिलीकडे आहे आणि माझा दुसरीकडे.

घरात आम्ही पाच जण आहोत: आम्ही दोघे, अकरा आणि सात वर्षांची दोन मुले आणि सासूबाई. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली असून गाडीत चढणे, तासन्‌तास पाय मुडपून बसणे आणि पुन्हा उतरणे त्यांना फार जड जाते. आम्ही कोथरूडमध्ये 1990 च्या सुमारास बांधलेल्या चार मजली इमारतीत राहतो. खाली दोन खांबांमध्ये आमची ठरलेली जागा आहे. पतींचे कार्यालय हिंजवडीत असल्यामुळे रोजचे जाऊन-येऊन साधारण 40 किलोमीटर होतात. त्याखेरीज वर्षातून पाच-सहा वेळा आम्ही गारगोटीजवळच्या आमच्या गावी जातो. कोल्हापूरच्या पुढचे ते अंतर आमच्या घरापासून एका बाजूने 285 किलोमीटर भरते.

कंपन्या सांगतात तो पल्ला नेक्सॉनचा 489 किलोमीटर आणि विंडसरचा 332 किलोमीटर आहे. हा फरक पाहून पती म्हणतात की गावाला जायचे असेल तर दुसरा विचारच करू नये. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचे मत काय आहे? विंडसरसोबत बॅटरी भाड्याने घेण्याची जी योजना मिळते, ती आमच्यासारख्यांना परवडेल का, हेही कृपया सांगावे.

सह्याद्रीवाट:

चार वर्षे विजेवरची गाडी वापरतो आहे आणि माझेही मूळ गाव कराडच्या पलीकडेच असल्याने तुमचा रस्ता मला पाठ आहे. सर्वप्रथम 489 आणि 332 हे दोन्ही आकडे बाजूला ठेवावेत. ते चाचणीतील ठरावीक वेगांवर मिळतात; महामार्गावर नव्वद-शंभरच्या वेगाने, पाच माणसे, सामान आणि वातानुकूलन यांसह अशा गाड्या एका युनिटात सहा किलोमीटरच्या आसपास जातात, असे धरून चालावे. वेग वाढला की हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे शंभरऐवजी ऐंशीने गेलात तर पल्ला डोळ्यांना दिसेल इतका वाढतो.

आता तुमच्याच रस्त्याचा हिशेब मांडू. पुणे ते कराड सुमारे 160 किलोमीटर आहे, म्हणजे 27 युनिटे खर्च होतील. पूर्ण भरून निघालात तर कराडला विंडसरमध्ये 11 युनिटे उरतील आणि नेक्सॉनमध्ये 18. पुढच्या 125 किलोमीटरना 21 युनिटे लागतील आणि हाताशी किमान पाच युनिटे राखून ठेवायची आहेत. म्हणजे कराडच्या आसपास विंडसरमध्ये 15 युनिटे भरावी लागतील आणि नेक्सॉनमध्ये आठ. जलद चार्जरवर या दोन्हींतील फरक दहा-पंधरा मिनिटांचा पडतो. मुले आणि वयस्कर माणूस बरोबर असताना तुम्ही न्याहारीसाठी त्याहून अधिक वेळ थांबताच. थांबा दोन्ही गाड्यांना लागणारच आहे, मग तो दहा मिनिटांनी लांबला म्हणून गाडीची निवड बदलू नये.

बदलावी ती मागच्या बाकड्याकडे पाहून. नेक्सॉनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर 2498 मिलिमीटर आहे आणि विंडसरचे 2700. या वीस सेंटिमीटरचा बहुतेक लाभ मागे बसणाऱ्यांच्या पायांना मिळतो. विंडसरची मागची पाठ 135 अंशांपर्यंत मागे झुकते. सामानाची जागा नेक्सॉनमध्ये 350 लिटर आणि विंडसरमध्ये 604 लिटर आहे. गावाहून येताना तांदळाचे पोते, नारळ आणि आईने दिलेले डबे घेऊन येणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पाच-सहा तासांच्या प्रवासात सासूबाईंचे पाय कसे राहतील, हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि त्यासमोर दहा मिनिटांचे थांबणे मला फार लहान वाटते.

घाटांची धास्ती बाळगू नये. भरलेली गाडी साधारण दोन टनांची धरली, तर तिला 500 मीटर उंच नेण्यासाठी पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने पावणेतीन युनिटे लागतात, नुकसान धरून सव्वातीन. उतारावर त्यातला बराच भाग परत मिळतो. मात्र बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना उतार लागला, तर ती वीज साठवायला जागा नसते आणि ब्रेकचा वापर वाढतो, हे ध्यानात असू द्यावे.

एक गोष्ट अनुभवाने सांगतो. मागच्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत महामार्गावरचा मी ठरवून ठेवलेला चार्जर बंद निघाला आणि पुढच्या ठिकाणी चार गाड्यांची रांग होती. लहान मुलीला घेऊन दीड तास उन्हात काढावा लागला. तेव्हापासून मी पर्यायी ठिकाण ठरवल्याशिवाय आणि तिथे पोचण्याइतकी वीज शिल्लक असल्याशिवाय निघत नाही. सणांच्या दिवसांत मोठ्या बॅटरीचा खरा उपयोग होतो, हे मी मान्य करतो. अंदाजपत्रक थोडे ताणता येत असेल तर मे 2025 मध्ये आलेली विंडसर प्रो पाहावी. तिची बॅटरी 52.9 युनिटांची आहे आणि सामानाची जागा तरीही 579 लिटर उरते.

दोन_लेकरांची_आई:

वरील विवेचनाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु पतींची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. नेक्सॉन ईव्हीला जून 2024 मध्ये भारत एनकॅपच्या, म्हणजे धडकेतील सुरक्षा तपासणाऱ्या, चाचणीत पाच तारे मिळाले. प्रौढांच्या सुरक्षेसाठी 32 पैकी 29.86 आणि मुलांच्या सुरक्षेसाठी 49 पैकी 44.95 गुण होते. आम्ही गाडी घेताना हा एकच कागद समोर ठेवून निर्णय घेतला आणि मला आजही तो योग्य वाटतो. विंडसरच्या विक्रेत्याकडे जाल तेव्हा एअरबॅग किती आहेत एवढ्यावर समाधान मानू नका, चाचणीचा निकाल लेखी मागा.

सात वर्षांच्या मुलाला अजून उंच बैठकीची, म्हणजे बूस्टरची, गरज असते. ती मागे ठेवून तिच्या शेजारी दुसरे मूल आणि आजी अशी तिघे नीट बसतात का, प्रत्येकाचा पट्टा न अडखळता लागतो का, हे दालनातच प्रत्यक्ष बसून पाहावे. आम्ही तसे केले नव्हते आणि पहिल्याच प्रवासात बूस्टरखाली पट्ट्याचे कुलूप अडकून बसले.

मीटरघर:

गेली अठरा वर्षे मी इमारतींतील वीजजोडणीची कामे करतो. आतापर्यंतची चर्चा गाड्यांवर झाली. परंतु कोथरूडच्या जुन्या इमारतीत गाडी आधी घेऊन चार्जिंगची सोय मागाहून पाहू म्हणणाऱ्यांची फरपट मी अनेकदा पाहिली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुमच्या वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. जुन्या सदनिकांत तो अनेकदा इतका कमी असतो, की 7.2 किलोवॉटचा चार्जर लावायचा तर महावितरणकडे भार वाढवून घ्यावा लागतो. रोजच्या 40 किलोमीटरसाठी तुम्हाला जेमतेम सात युनिटे लागतात, ती 15 अँपिअरच्या सॉकेटवरून दोन-अडीच तासांत भरतात. त्यामुळे 3.3 किलोवॉटवर तुमचे भागेल. गावाला निघण्याच्या आदल्या रात्री 45 युनिटांची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तरच चौदा-पंधरा तास लागतील, आणि तशी वेळ तुमच्यावर सहसा येणार नाही.

तार तुमच्या स्वतःच्या मीटरपासून थेट तुमच्या पार्किंगपर्यंत आणावी, सामाईक मीटरवरून कदापि घेऊ नये, कारण पुढे त्यावरूनच सोसायटीत वाद होतात. समितीकडे अर्ज करताना तारेचा मार्ग दाखवणारा साधा आराखडा, भार वाढला की वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी व गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी यांचा उल्लेख आणि परवानाधारक कंत्राटदाराचे नाव जोडावे. कोरा अर्ज दिला की सभासदांना आगीची भीती वाटते आणि ती भीती रास्त आहे. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने तुमचा मासिक वापर आधीच 300 युनिटांच्या जवळ असेल, तर गाडीसाठी स्वतंत्र मीटर घेण्याचा विचार जरूर करावा. चार्जरची पेटी छातीच्या उंचीवर बसवावी. 25 जुलै 2024 रोजी खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत इमारतींच्या खालच्या भागात पाणी कसे शिरले ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

आणखी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला, तुमची इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का? तसे असेल तर भिंतीतून केलेली जोडणी तर जाईलच, शिवाय दोन-तीन वर्षे जिथे भाड्याने राहाल तिथला मालक जोडणी करू देईल का, हे आजच ठरवावे लागेल. दुसरा, गावच्या घराला अर्थिंग आहे का? अर्थिंग नसले की चार्जर वीज घेण्यास नकार देतो आणि लोक गाडीला दोष देतात. चांगल्या अर्थिंगवर 15 अँपिअरच्या सॉकेटने रात्रीच्या दहा तासांत 30 युनिटांच्या आसपास मिळतात, म्हणजे परतीच्या 180 किलोमीटरची सोय घरच्या घरी होते.

हिशेबवही:

मी फक्त बॅटरीच्या भाड्याबद्दल लिहितो. सप्टेंबर 2024 मध्ये विंडसर आली तेव्हा बॅटरीसह तिची सुरुवातीची किंमत 13.50 लाख रुपये होती आणि बॅटरीविना 9.99 लाख, अधिक दर किलोमीटरला 3.50 रुपये. फरक 3.51 लाखांचा. त्याला साडेतीनने भागले की साधारण एक लाख किलोमीटर येतात. तुमचा हिंजवडीचा आणि गावाचा प्रवास मिळून वर्षाला पंधरा हजार किलोमीटर सहज होतील, म्हणजे सातव्या वर्षाच्या आत तुम्ही बॅटरीची किंमत भाड्यातून चुकती केलेली असेल, आणि चार्जिंगची वीज त्यात धरलेली नाही. बारा वर्षे एक गाडी वापरणाऱ्या घराने बॅटरी विकतच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आजचे दर घेऊन हाच भागाकार पुन्हा करावा आणि करारात दरमहा किमान किलोमीटरची अट आहे का, तेही वाचावे.

बॅटरीच्या हमीवरून निवड करू नये. विंडसरला पहिल्या मालकासाठी आजीवन हमी आहे आणि टाटांनी जुलै 2025 मध्ये 45 युनिटांच्या नेक्सॉनलाही ती दिली, तीत आजीवन म्हणजे 15 वर्षे असा अर्थ आहे. राज्याच्या 2025 च्या विद्युत वाहन धोरणातील टोलमाफीही हिशेबात धरू नका. तीत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग आहेत, तुमचा कोल्हापूरचा रस्ता नाही.

मुठाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. या शनिवारी आम्ही पाचही जण दोन्ही दालनांत जाऊन आलो. सासूबाई दोन्ही गाड्यांत वीस-वीस मिनिटे बसल्या. विंडसरमध्ये त्यांना पाय पुढे सरळ सोडता आले, तेव्हा पतींनीच विक्रेत्याला प्रो आवृत्तीची किंमत विचारली. बूस्टर घरून नेला होता. तिथे मागे तिघे बसून तिन्ही पट्टे व्यवस्थित लागले.

घरी येऊन टेप लावला तर आमच्या खांबांमधले अंतर 2.30 मीटर भरले. विंडसरची रुंदी 1.85 मीटर असल्याने दार पुरते उघडणार नाही, सासूबाईंना फाटकापाशी उतरवूनच गाडी आत घ्यावी लागेल. त्यांची त्याला हरकत नाही. पुनर्विकासाचा विषय आमच्या सोसायटीत निघालेला नाही, तरीही तार भिंतीत न गाडता वरून नळीतून न्यायचे ठरवले आहे. मीटरवर मंजूर भार 3 किलोवॉटच आहे. गावी दिरांना फोन केला, तर घराला अर्थिंगच नसल्याचे कळले. आमची जमीन मुरमाड आहे. अशा जमिनीत अर्थिंग कसे करून घ्यावे?

मीटरघर:

3.3 किलोवॉटसाठीही भार वाढवण्याचा अर्ज आजच करा. घरातले गीझर आणि गाडी एकाच वेळी 3 किलोवॉटवर चालणार नाहीत. मुरमाड जमिनीत ओल टिकत नाही, म्हणून अर्थिंगचा खड्डा न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ किंवा परसातल्या आळ्यापाशी घ्यावा, खोल खणून त्यात अर्थिंगची तयार पूड भरावी आणि काम झाल्यावर मीटर लावून रोध मोजून घ्यावा. हे काम पावसाळ्यात मोजले तर आकडा चांगलाच येतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये एकदा पुन्हा मोजायला दिरांना सांगा.