मदत हवी आहे: ऑटिझम असलेल्या मुलाची मे महिन्याची सुट्टी

नमस्कार. आम्ही साताऱ्यात राहतो. मुलगा 9 वर्षांचा, ऑटिझम आहे, जवळच्याच साध्या शाळेत तिसरीत जातो. शाळा चालू असली की त्याचा दिवस घंटेवर चालतो आणि तो शांत असतो. सुट्टी लागली की झोप बिघडते, जेवण बिघडते, जूनमध्ये पुन्हा वर्गात बसवायला फार कष्ट पडतात. आम्ही दोघेही नोकरी करतो, दिवसभर आजी एकट्या असतात. नेहमीची उन्हाळी शिबिरे ‘सोबत कोणी असेल तरच’ म्हणतात.

दिवसाचे चित्रांचे वेळापत्रक घरी कोणी लावले आहे का? आजींना झेपेल असे हवे. सातारा-कराड भागात अशा मुलांना घेणारे शिबिर किंवा एकत्र भेटणारे पालक आहेत का? सगळ्यात जास्त गरज सोबतीची आहे, त्याला आणि आम्हालाही.

आणखी एक. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे शाळेने मुलाच्या गरजेनुसार सोय करायची असते. जूनमध्ये त्यासाठी मुख्याध्यापकांना पत्र द्यायचे आहे. संबंध न बिघडवता ते कसे लिहावे? कोणी लिहिले असेल तर नमुना द्याल का?