ताप हा निगेटिव्ह फीडबॅक की पॉझिटिव्ह? (नर्सिंग पहिलं वर्ष, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. ॲनाटॉमी फार छळत नाही, हाडांची नावं घोकली की होतात पाठ. घोडं अडलंय ते होमिओस्टॅसिसपाशी, म्हणजे शरीर आतली स्थिती कायम कशी राखतं त्यापाशी.

आकृतीपुरतं कळतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस रक्ताचं तापमान ३७ अंश सेल्सिअसशी ताडून बघतो. जास्त झालं तर त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो; कमी झालं तर त्या आकसतात आणि स्नायू थरथरतात. बदलाच्या उलट दिशेला ओढायचं, म्हणून निगेटिव्ह फीडबॅक.

मग तापाचं काय? मलेरियाचा पेशंट घ्या. थर्मामीटर १०१ दाखवतंय, ताप चढतोच आहे, आणि हा बाबा दोन ब्लँकेटांखाली दात वाजवत पडलाय. अंग आधीच तापलेलं असताना स्नायूंनी थरथरून आणखी उष्णता कशाला तयार करायची? मैत्रीण म्हणते, हा पॉझिटिव्ह फीडबॅक, बाळंतपणात कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकासारखा. मला पटत नाही, कारण ताप १०३-१०४ ला जाऊन टेकतो, वाढतच राहत नाही.

दुसरं म्हणजे, आमच्या चंद्रपूरकडे मे महिन्यात उष्माघाताचे पेशंट येतात. अंग त्यांचंही भाजत असतं. मग तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, असं का?

आणि ४१-४२ अंशांपुढे पेशीत नेमकं काय बिघडतं? ‘एन्झाइम नष्ट होतात’ एवढ्यावर मार्क मिळतात का? कृपया व्याख्या नकोत, त्या पुस्तकात आहेत.

प्रतिसाद १

तुमचं बरोबर आहे, मैत्रिणीचं चुकतंय. ऑक्सिटोसिनचं चक्र कळांनी कळा वाढवत नेतं आणि बाळ बाहेर आल्यावरच थांबतं. ताप हा निगेटिव्ह फीडबॅकच, फक्त सेट पॉइंट (शरीराने धरलेलं लक्ष्य-तापमान) वर सरकलेला. जंतूंशी भिडलेल्या पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन नावाची रसायनं सोडतात, त्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन ई२ तयार होतं आणि ३७ चा सेट पॉइंट समजा ३९.५ वर जातो. आता १०१ फॅरनहाइट, म्हणजे ३८.३ अंशांचं रक्तही हायपोथॅलॅमसच्या लेखी गारच! म्हणून हुडहुडी. ३९.५ गाठलं की ती थांबते. पुढे सेट पॉइंट खाली आला की दरदरून घाम फुटतो आणि घरचे म्हणतात, ‘ताप उतरला.’

पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन कमी करतं. उष्माघातात सेट पॉइंट चढलेलाच नसतो, उष्णता बाहेर टाकण्याची यंत्रणा कोलमडलेली असते. मग गोळी उतरवणार काय? तिथे अंग भिजवून पंखा लावणं, बर्फ, गार पाणी, आणि तेही ताबडतोब.

उत्तरपत्रिकेत दोन आलेख काढा, एक तापाचा, एक उष्माघाताचा, सेट पॉइंटची रेघ तुटक. परीक्षकाला फार वाचावं लागत नाही.

प्रतिसाद २

पेशींबद्दल: ‘नष्ट’ लिहू नका. एन्झाइम हे प्रथिनच; त्याची साखळी शाबूत असते, तिच्या घड्या उलगडतात. आकार गेला की एन्झाइमचं काम गेलं. शिवाय पेशीपटल गळकं होतं. पेशीपटलातला सोडियम-पोटॅशियम पंप दर एटीपीमागे (एटीपी म्हणजे पेशीचं इंधन) ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत नेतो. गळती वाढली की त्याचा एटीपीचा खर्चही वाढतो. लघुमेंदूतल्या पर्किंजे पेशी उष्णतेला विशेष नाजूक, म्हणून उष्माघातातून वाचलेल्या काहींचा तोल नंतरही जातो. हे वाक्य घातलंत तर उत्तर उठून दिसेल.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार! आलेख काढून बघितला, आता डोक्यात बसलं. एकच शंका: हुडहुडी भरलेली असताना आजी कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायची. ते चूक होतं का?

प्रतिसाद १

कपाळावरच्या पट्टीने बिघडत काही नाही, पण ताप चढत असताना अंगभर गार पाण्याने पुसू नका. त्वचा गार झाली की थरथर उलट वाढते आणि पेशंट हैराण होतो. हुडहुडी थांबेपर्यंत पांघरूण राहू द्या. मिठाचा मात्र काही संबंध नाही, नुसतं पाणीही चालतं.