एप्रिलमध्ये थायलंड: सोंक्रानचे तीन दिवस टाळायचे का?

ए-३०४
नमस्कार मंडळी, एक विचारायचं होतं. आमचं थायलंडचं ठरतंय, १० ते १८ एप्रिल. मी, बायको, मुलगी १४ ची, मुलगा ८ चा आणि आमची आई. एजंट म्हणतो १३, १४, १५ ला तिकडे सोंक्रान असतं, म्हणजे त्यांचं नववर्ष, रस्त्यावर पाऊल टाकलं की अंगावर पाणी, दुकानं बंद, आईला घेऊन तर बाहेर पडूच नका. ते तीन दिवस बीचवरच्या रिसॉर्टमध्ये काढा म्हणतोय. कोणी गेलंय का त्या दिवसांत?

ए-६०१
बी-५०२ वाली मंडळी गेली होती ना, फोटो टाकले होते ग्रुपवर

बी-५०२
हो हो आम्हीच. दादा, टाळू नका, अजिबात टाळू नका!! जेवण उरकून सविस्तर लिहिते

सी-२०३
मला एक कळत नाही, आपल्याकडे एप्रिल उजाडला की टँकरला फोन सुरू होतात आणि तिकडे लोक रस्त्यावर पाणी ओतणार. मुलांना हे दाखवायला न्यायचं का?

बी-५०२
काकू, तुमचं बरोबर आहे, मलाही जाण्याआधी हेच टोचत होतं, त्याचंही सांगते.

तर आम्ही गेलो २०२४ ला, चियांग माईला. उत्तरेकडचं जुनं शहर, १२९६ साली वसवलेलं, आणि जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे, एकेक बाजू साधारण दीड किलोमीटर. सोंक्रानचा सगळा खेळ या खंदकाच्या काठाने चालतो. लोक बादलीला दोरी बांधून पाणी उपसतात, समोरच्यावर ओततात. म्हणजे काकू, निदान तिथे तरी आपल्या मनात असतं तसं पिण्याच्या पाण्याचे पाइप सोडून दिलेत असं चित्र नव्हतं. पाइप लावलेली दुकानं होती, नाही असं नाही, पण जास्त करून खंदकच. आणि मला स्वतःला वाटतं की भात कापून झालाय, पाऊस यायचाय, पारा ३८-३९ ला टेकलाय, अशा दिवसांत माणसाने माणसाला गार करावं हा विचारच इतका साधा आहे की तिथे उभं राहिलं की पटतो.

१३ ला दुपारी आम्ही ता फे गेटजवळ पोचलो. पिकअप गाड्या येत होत्या, मागे निळे पिंप, पिंपात बर्फाची लादी, भोवती अख्खं कुटुंब बसलेलं, आजोबांपासून ते नातवापर्यंत. ते बर्फाचं पाणी पाठीवर आलं ना की श्वासच अडकतो एक सेकंद, आणि मग ज्याने ओतलं तो हात जोडून हसतो, सावादी पी माय म्हणतो, म्हणजे नववर्षाच्या शुभेच्छा. आमचा मुलगा तेव्हा ९ चा, पाच मिनिटं माझ्या मागे लपला आणि मग संध्याकाळी ६ पर्यंत हाताला लागला नाही. एका थाई कुटुंबाने त्याला आपल्या पिंपाजवळ उभं केलं, हातात डबा दिला, भाषा एकमेकांची काही नाही, पण तो त्यांचाच झाला. परक्या माणसाला असं सहज आत घेणारा सण मी दुसरा पाहिला नाही, आणि मी नाशिकची रंगपंचमी लहानपणापासून खेळलेली आहे, रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उड्या मारलेल्या घरातली आहे मी.

ए-३०४
ताई हे वाचूनच मुलं नाचायला लागली. पण आईचं काय? तिला असं पाणी झेपणार नाही

बी-५०२
तेच तर लिहायचंय दादा, मुख्य तेच आहे. थांबा.

डी-१०२
मधे बोलतो, क्षमस्व. सोंक्रान हा शब्द म्हणजे आपला संक्रांत शब्दच आहे, संस्कृत संक्रांतीवरून गेलेला. आपण मकर संक्रांत मोठी मानतो, ते मेष संक्रांत मानतात, सूर्य मेषेत जातो तो दिवस. त्याच सुमारास पंजाबात वैशाखी, केरळात विशु, तमिळनाडूत पुथांडू, आणि म्यानमार, लाओस, कंबोडियातही नवं वर्ष. थायलंडने सरकारी नवं वर्ष १८८९ मध्ये १ एप्रिलवर आणलं आणि १९४१ पासून १ जानेवारी केलं, पण लोकांचं नवं वर्ष सोंक्रानच राहिलं. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

कथाही सांगतो, मुलांना आवडेल. कपिल ब्रह्म नावाच्या देवाने धर्मपाल नावाच्या हुशार मुलाला कोडं घातलं. माणसाची श्री सकाळी कुठे असते, दुपारी कुठे, रात्री कुठे? सात दिवसांची मुदत, हरणाऱ्याने शिर द्यायचं. धर्मपालाला पक्ष्यांची भाषा यायची, झाडाखाली पडलेला असताना गरुडाच्या जोडीचं बोलणं त्याने ऐकलं. सकाळी श्री मुखावर, म्हणून माणूस तोंड धुतो. दुपारी छातीवर, म्हणून छातीला सुगंधी पाणी लावतो. रात्री पायांवर, म्हणून पाय धुऊन झोपतो. देव हरला. पण त्याचं शिर जमिनीवर टेकलं तर आग लागेल, आकाशात फेकलं तर पाऊस थांबेल, समुद्रात टाकलं तर समुद्र आटेल, म्हणून त्याच्या सात मुलींपैकी एक दरवर्षी ते तबकात घेऊन प्रदक्षिणा घालते. वाराप्रमाणे मुलगी ठरते आणि त्या वर्षाची तीच सोंक्रानदेवी. उत्तरातली तिन्ही कामं पाण्याची आहेत, हे लक्षात घ्या.

ए-६०१
वा सर!! हे माहीतच नव्हतं

सी-२०३
सर, पाय धुऊन झोपायचं हे आमची आजी रोज सांगायची. छान वाटलं वाचून.

बी-५०२
सर, किती सुंदर सांगितलंत, आमच्या आईंना मोठ्याने वाचून दाखवलं आत्ता.

हं, तर दादा, तुमच्या आईंचं. एजंट लोक पाण्याच्या खेळाचंच सांगतात कारण त्यांना रस्त्यावरचं तेवढंच माहीत असतं. थायलंडमध्ये १३ एप्रिल हा ज्येष्ठांचा दिवस आणि १४ कुटुंबाचा, सरकारनेच तसं ठरवलेलं आहे. सगळे लोक बँकॉक सोडून गावी आईवडिलांकडे जातात, म्हणून तर दुकानं बंद. आणि उत्तरेत तिन्ही दिवसांचं वेगवेगळं ठरलेलं असतं. १३ ला घर झाडून काढायचं, जुनं वर्ष बाहेर. १४ ला देवळात वाळू न्यायची आणि तिचे छोटे स्तूप करायचे. आम्ही विचारलं वाळू का, तर म्हणे वर्षभर आपण देवळात येतो-जातो, पायाला लागून देवळाची वाळू बाहेर जाते, ती परत करायची. मला हे इतकं आवडलं की काय सांगू. आमच्या मुलानेही एक बादली वाळू वाहून नेली, वर कागदी रंगीत पताका खोचली. त्या दिवशी कोणाला वाईट बोलायचं नाही असंही पाळतात, वर्षभर तोंड तसंच राहील म्हणून. आणि १५ ला, ज्याला ते फाया वान म्हणतात, सकाळी देऊळ आणि मग घरातल्या मोठ्यांकडे जायचं.

१५ ला बरेचसे टुरिस्ट एकतर दमून झोपलेले असतात नाहीतर निघून गेलेले असतात. आम्ही राहिलो होतो गेस्टहाऊसमध्ये, मालकीण बाई त्याच घरात खाली राहतात, त्यांची आई ८१ वर्षांची. सकाळी बाईंनी आमच्या आईंना खाली बोलावलं. मला वाटलं नाश्त्याला. बघते तर अंगणात दोन खुर्च्या, एकीवर त्यांची आई, दुसरी रिकामी, ती आमच्या आईंसाठी. समोर चांदीचा नक्षीचा वाडगा, त्यात पिवळसर पाणी, वर मोगऱ्याच्या पाकळ्या आणि काळपट भाजलेल्या शेंगा तरंगतायत. आईंनी वाकून एक शेंग उचलली, नाकाशी धरली आणि मला म्हणाल्या, अगं ही शिकेकाई आहे. खरंच शिकेकाई!! ते तिला सोम पोय म्हणतात, शेंगा विस्तवावर भाजतात, पाण्यात टाकतात, आणि पिवळा रंग हळदीचा. हळद आणि शिकेकाई, आपल्या दिवाळीच्या न्हाणीघरातलं सामान. या सगळ्याला ते रोत नाम दाम हुआ म्हणतात, रोत नाम म्हणजे पाणी घालणं आणि दाम हुआ म्हणजे तिकडच्या बोलीत डोकं धुणं, म्हणजे पूर्वी मोठ्यांना न्हाऊच घालत असणार, आता हातांवर घालतात.

मग त्यांची मुलं, सुना, नातवंडं एकेक करून गुडघ्यावर बसत पुढे आली, आधी त्यांच्या आजींच्या ओंजळीवर पाणी घातलं आणि मग आमच्या आईंच्या. दोघींच्याही. काही फरक केला नाही. वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा असं म्हणतात ते तेव्हा, असं बाईंनी सांगितलं, नवं कापडही देतात मोठ्यांना. त्यांच्या आजींनी आशीर्वाद पुटपुटत प्रत्येकाच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. मग सगळे आमच्या आईंकडे बघायला लागले, आशीर्वाद द्या म्हणून. आईंचे डोळे भरलेले, त्यांनी ओले हात त्या पोरांच्या डोक्यावर ठेवले आणि मराठीतच म्हणाल्या, सुखी राहा, औक्षवंत व्हा. कोणी अर्थ विचारला नाही, सगळ्यांनी हात जोडले.

आमचे बाबा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आई घरातून बाहेर पडायला तयार नसायच्या, या ट्रिपला पण मीच मागे लागून नेलं होतं. तो दोरा त्यांनी मनगटावर आपोआप तुटेपर्यंत ठेवला, पावसाळा संपेपर्यंत होता.

म्हणून म्हणते दादा, आईंना हॉटेलात ठेवू नका. त्या देशात तो सणच त्यांच्या वयाचा आहे.

सी-२०३
अगं वाचता वाचता डोळे भरले माझे. पाण्याचं मी म्हटलं ते मागे घेते. ओंजळभरच तर पाणी.

ए-३०४
ताई... बायकोने आईला वाचून दाखवलं. आई म्हणते मी येणार आणि मी बाहेर पण पडणार. रिसॉर्ट कॅन्सल करतोय. आता प्रॅक्टिकल सांगा सगळं, काय घ्यायचं, कुठे राहायचं

बी-५०२
सांगते, जमेल तसं लिहिते, गोंधळ झाला तर फोन करा.

राहायला खंदकाच्या आत पण गल्लीत, मेन रोडवर नको, आवाज असतो. बँकॉकहून रात्रीची ट्रेन आहे, साधारण १३ तास, स्लीपर छान असतो, पण या दिवसांत सगळं थायलंडच गावी चाललेलं असतं त्यामुळे तिकीट उघडलं की लगेच काढायचं, आम्हाला जाताना मिळालं, येताना नाही मिळालं मग विमानाने आलो. १२ लाच पोचा, १३ ला सामान घेऊन हिंडायचं नाही, बॅग भिजतेच.

फोनसाठी गळ्यात अडकवायचं प्लास्टिकचं पाऊच, तिकडे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. पासपोर्ट रूमवर, खिशात फोटोकॉपी. जीन्स नको, ओली झाली की पाय उचलत नाही. फुलाफुलांचा शर्ट घ्या सगळ्यांना, तिकडे सगळे तोच घालतात आणि मुलांना फार मजा येते. मुलीला गडद रंगाचा टीशर्ट घाला. गालाला पांढरी मातीसारखी पेस्ट लावतात, बहुतेक जण आधी विचारतात, मुलीला सांगून ठेवा की नको असेल तर हात पुढे करून नाही म्हणायचं, ऐकतात. पण बँकॉकच्या खाओ सान आणि सिलोमला रात्री प्रचंड गर्दी असते तिथे मुलीला घेऊन मी तरी जाणार नाही.

डोळ्याला साधा गॉगल लावाच, खंदकाचं पाणी स्वच्छ नसतं, तोंडात जाऊ द्यायचं नाही, आमच्या ह्यांचे डोळे दोन दिवस लाल होते. ORS नेतो तसे डोळ्याचे थेंबही डॉक्टरांना विचारून घ्या.

डी-१०२
आणि एप्रिलमध्ये उत्तरेत शेतं आणि रानं जाळल्याचा धूर असतो. कोणाला दमा असेल तर हवा बघूनच जावं.

बी-५०२
हो सर बरोबर, ते राहिलंच. दादा, आईंना दम्याचं काही आहे का बघा, मास्क ठेवा.

आणि हे महत्त्वाचं, स्कूटर भाड्याने घेऊ नका!! या आठवड्याला ते लोक स्वतःच सात धोक्याचे दिवस म्हणतात, अपघात खूप होतात, दारू पिऊन गाड्या चालवतात आणि चालत्या दुचाकीवर पाणी मारलं की तोल जातो. लाल सोंगथेओ असतात, आपल्या शेअर रिक्षासारख्या, त्यातून फिरा. मुलालाही सांगा, दुचाकीवाल्यावर पाणी नाही, भिक्खूंवर नाही, तान्ह्या बाळावर नाही, म्हाताऱ्या माणसांवर नाही. सूर्य मावळला की जुन्या गल्ल्यांमध्ये पाण्याची बंदूक खाली ठेवायची.

आईंना १३ ला सकाळी 'वाट फ्रा सिंग' या देवळात न्या, त्या दिवशी बुद्धाची मूर्ती मिरवणुकीने निघते, फ्रा बुद्ध सिहिंग, लोक दोन्ही बाजूंनी सुगंधी पाणी घालतात मूर्तीवर. देवळात लहान वाडगे ठेवलेले असतात, खांदे झाकलेले हवेत, बायकांनी भिक्खूंना हात लावायचा नाही. दुपारी आई रूमवर, तुम्ही चौघं रस्त्यावर. खायला मँगो स्टिकी राइस सीझनचा असतो, आंबा आपल्या हापूससारखा नाही पण नारळाच्या दुधाबरोबर फार छान लागतो. छोटी हॉटेलं बंद असतात, सेव्हन इलेव्हन चालू असतं, काही अडत नाही. शाकाहारीसाठी 'जे' हा थाई शब्द म्हणायचा, फिश सॉस नको हे वेगळं सांगायचं.

ए-३०४
सगळं सेव्ह केलं. गेस्टहाऊसचा नंबर मिळेल का ताई?

बी-५०२
पर्सनलवर देते, इथे नको. बाईंना मेसेज पण करून ठेवते तुम्ही येताय म्हणून.

बी-५०२
दादा, आमच्या आई विचारतायत १५ ला सकाळी तुमच्या आई तिथे असणार ना? गेस्टहाऊसच्या आजी आता ८३ च्या आहेत. आईंनी कपाटातून इरकली खणाचं कापड काढून ठेवलंय, हिरवं, म्हणतायत मागच्या वेळी माझ्या हातात द्यायला काही नव्हतं. तुमच्या आईंना सांगा, निघायच्या आधी एकदा घरी या, आई स्वतः देणार आहेत त्यांच्या हातात, आणि कसं बसायचं, ओंजळ कशी धरायची तेही दाखवणार आहेत.

ए-३०४
आई म्हणते उद्याच येते.