विषय: गणपतीचा महाप्रसाद, सिलिअ‍ॅक असलेल्यांचं पान

मंडळी, नमस्कार.
यंदा नोंदणीत तिघांनी 'सिलिअ‍ॅक' लिहिलंय (म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लुटेन हे प्रथिन ज्यांना चालत नाही असा आजार), त्यात एक लहान मुलगी. बेत असा: साधं वरण, मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरी, उकडीचे मोदक, शिरा. त्यांना पुरी-शिरा वाढला नाही की झालं ना?
– स्वयंपाक समिती

---

ताई, तेवढ्यानं भागणार नाही. खरी गोम हिंगात आहे. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा नाहीतर कणीक मिसळलेली असते. म्हणजे भाजी, कोशिंबीर, मसालेभात, फोडणी पडली तिथे गहू पडला. गोडा मसालाही हिंग घालूनच होतो. तांदळाच्या पिठातला 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेला हिंग आणा, नाहीतर हिंग गाळा. एवढ्या मोठ्या बेतात कुणाला कळणारही नाही.

लेबल वाचताना एक ध्यानात ठेवा. इथे अमेरिकेत पाकिटावर गहू जाहीर करणं सक्तीचं आहे, बार्लीचं तसं नाही. 'माल्ट' दिसलं तर ती बार्लीच समजा. 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर ग्लुटेन 20 पीपीएमच्या आत हवं, म्हणजे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी. दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आत राहावं असं साधारण मानतात, आणि तेवढं ग्लुटेन चिमूटभर कणकेत असतं. तळून, उकळून ते जात नाही.

म्हणून पुरीच्या तेलात त्यांचे पापड तळायचे नाहीत. पुऱ्या लाटायच्या आधी, ओटा पुसून, त्यांचं जेवण शिजवून झाकून ठेवा, कारण कणीक उडते आणि बसते. लाकडी पोळपाट, जुनी चाळणी, लाकडी पळी वापरू नका. भेगांत, जाळीत पीठ राहतं. स्टीलची भांडी साबणानं घासली की पुरे.

शिऱ्याला इडलीचा तांदळाचा रवा घ्या. एक वाटी रवा अर्धी वाटी तुपात मंद आचेवर सात-आठ मिनिटं भाजा, तीन वाट्या उकळतं दूध-पाणी ओता, झाकून दहा मिनिटं. कण बोटांनी चुरडून मऊ लागला की मगच पाऊण वाटी साखर. आधी घातलीत तर कण टणक राहतात, आणि दोष रव्याला जातो.
– एक सभासद

---

वरच्याला पुरवणी. मोदक तांदळाचे म्हणून निर्धास्त राहू नका. चक्कीवरचं किंवा सुटं मिळणारं तांदळाचं पीठ बहुतेकदा गव्हाच्या मागोमाग दळलेलं असतं. बंद, प्रमाणित पाकीटच घ्या. मोदक उकडताना चाळणीवर घालायचं फडकं नवं हवं.

आणि वाढण्याकडे लक्ष द्या! स्वयंपाक जपून केला तरी पुरीच्या हातानं भाताची पळी उचलली की सगळं फुकट. त्यांची पानं आधी, वेगळ्या टेबलावर, वेगळ्या वाढप्याकडून. 'मागच्या वेळी खाल्लं, काही झालं नाही' याला अर्थ नाही. पोट दुखलं नाही तरी आतड्याला इजा होत असते.
– दुसरे सभासद

---

आभार. हिंग बदलते, पुऱ्या मागच्या अंगणात तळू. मेटकूट आणणार होते, ते तरी चालेल? आणि कुरडया?
– स्वयंपाक समिती

---

दोन्ही नको. मेटकुटात गहू भाजून घालतात, आणि कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. लोणच्याचं लेबल बघा, त्यातही हिंग असतो.
– एक सभासद